एका कोटेशनच्या पत्राचे रसग्रहण

रसग्रहण म्हटले की कविता आठवते, फार तर एखादी कथा. अनुवादाचे रसग्रहण करायचे झाले तरी आपण नाटक-कादंबरीच्या पलीकडे सहसा जात नाही. ब्रेख्टच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि पुण्याच्या थिएटर अकादमीने १९७८ साली तो रंगभूमीवर आणला, त्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले. पण पुण्याचा जर्मन भाषेशी रोजचा संबंध येतो तो कोटेशन, ऑर्डर, तक्रार, स्मरणपत्र आणि दिलगिरी यांच्यामार्फत. हा मजकूर भोसरी, चाकण, तळवड्याच्या कारखान्यांत इंग्रजीत लिहिला जातो आणि कोथरूड, डेक्कन, सदाशिव पेठेत बसलेले अनुवादक तो जर्मनमध्ये नेतात. त्याचे रसग्रहण कुणी करत नाही. ते करण्याजोगे आहे असे मला मनापासून वाटते.

वाचायला घेतलेले पत्र मी नमुन्यादाखल जुळवले आहे, कुणा एकाचे नाही. मात्र त्यातला शब्दन् शब्द पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात रोज लिहिला जातो. तिथला पत्रव्यवहार पाहिलेल्या माणसाला प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल. प्रसंग असा. भोसरी एमआयडीसीतले एक छोटे वर्कशॉप चाकणच्या एका जर्मन कंपनीला फिक्श्चर, म्हणजे यंत्रकामात भाग पक्का धरणारी साधने, पुरवते. या वेळी खरेदीचा निर्णय जर्मनीतल्या मुख्य कचेरीत व्हायचा आहे आणि तिथल्या खरेदी विभागाला कागद जर्मनमध्ये हवे आहेत. वर्कशॉपच्या मालकांनी इंग्रजीत लिहिले:

‘विथ रेफरन्स टू अवर टेलिफोनिक डिस्कशन, प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ अवर बेस्ट कोटेशन फॉर युअर काइंड परूझल. डिलिव्हरी विल बी सिक्स टू एट वीक्स फ्रॉम टेक्नो-कमर्शियली क्लिअर पीओ, एफओआर चाकण. वुई विल ट्राय टू प्रीपोन द सेम. बॅलन्स मटेरियल विल बी डिस्पॅच्ड इमिजिएटली ऑन रिसीट ऑफ पेमेंट ओन्ली. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक. अशुअरिंग यू ऑफ अवर बेस्ट सर्व्हिसेस ॲट ऑल टाइम्स.’

सहा वाक्ये. लंडनच्या संपादकाने यावर लाल शाई ओतली असती. ‘टेलिफोनिक’ खटकले असते, ‘प्रीपोन’ खोडले गेले असते, ‘द सेम’ म्हणजे काय असे समासात लिहिले गेले असते, ‘रिव्हर्ट’ चुकीच्या अर्थाने वापरल्याची नोंद झाली असती आणि ‘ओन्ली’ वाक्याच्या शेवटी का, हा प्रश्न तर नक्की आला असता. पण हे पत्र मोठ्याने वाचले तर त्याच्या पोटातून दुसरी भाषा ऐकू येते. ‘फोनवर बोलणे झाल्याप्रमाणे कोटेशन सोबत जोडले आहे, कृपया पाहावे. सगळे पक्के झालेली पीओ आली की सहा ते आठ आठवड्यांत चाकणला माल पोच. त्याआधी जमते का ते बघतो. राहिलेला माल पेमेंट आल्यावरच निघेल, पण आल्या आल्या निघेल. पुढचे तेवढे करावे आणि कळवावे.’ हे मराठी स्वच्छ आहे. त्यात संदिग्ध काही नाही, उलट एक नेमका व्यापारी मनुष्य त्यात दिसतो. इंग्रजीत उतरताना त्याच्या वाक्यांचे सांधे निखळले.

पुण्यात बसलेल्या अनुवादकाची जागा इथे फार महत्त्वाची ठरते. बर्लिनमध्ये बसून इंग्रजीवरून जर्मन करणाऱ्याला फक्त निखळलेले इंग्रजी दिसते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेल्या मराठी माणसाला त्याखालचे मराठीही ऐकू येते. दोषपूर्ण इंग्रजीचा चांगला जर्मन अनुवाद पुण्यात होतो तेव्हा तो दोन भाषांत होत नाही, तीन भाषांत होतो. हे पत्र ओळीओळीने वाचले की ते पटते.

पहिल्याच वाक्यातला ‘टेलिफोनिक’ घ्या. मराठीत आपण ‘दूरध्वनीवरून झालेली चर्चा’ म्हणू. जर्मन व्यापारी पत्राची तर ही ठरलेली सुरुवात आहे: ‘वी टेलेफोनिश बेश्प्रोखन’, फोनवर ठरल्याप्रमाणे. जो शब्द इंग्रजीत अवघडलेला वाटतो तो जर्मनमध्ये घरी आल्यासारखा बसतो. ‘काइंड परूझल’ला मात्र आजच्या जर्मन पत्रात जागा नाही. जुन्या जर्मन कचेऱ्यांत असली आदबशीर शब्दावली चालत असे. आताचे पत्र ‘सोबत आमचा प्रस्ताव’ एवढे म्हणून पुढे सरकते. अनुवादकाने ‘काइंड परूझल’ गाळले तर तो मूळ पत्राशी अप्रामाणिक ठरत नाही. ‘काइंड’मधले आर्जव जर्मनमध्ये संबोधनात जाते. ‘डू’ आणि ‘झी’ हा आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा भेद तिथे आहे, आणि ‘झी’ लिहिले की अर्धी अदब झाली. उरलेली अर्धी, समोरच्याचे आडनाव अचूक लिहिण्यात.

पण ‘बेस्ट कोटेशन’पाशी थांबावे लागते. कोटेशनला जर्मनमध्ये सरळ शब्द आहे, ‘आनगेबोट’. तो लिहून पुढे जाणारे अनुवादक पुष्कळ आहेत, आणि तिथेच पत्राचा कायदेशीर अर्थ बदलू शकतो. १ जानेवारी १९०० पासून अमलात असलेल्या जर्मन नागरी संहितेच्या कलम १४५ नुसार प्रस्ताव देणारा आपल्या प्रस्तावाने बांधला जातो. बांधिलकी नको असेल तर तसे लिहावे लागते. त्यासाठी तिकडच्या व्यापाऱ्यांचा एक छोटा शब्द आहे, ‘फ्रायब्लाइबंड’, म्हणजे ‘आम्ही मोकळे आहोत’. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा वेगळे सांगतो: समोरच्याची स्वीकृती निघेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. भोसरीचे मालक कोटेशन पाठवतात तेव्हा त्यांच्या मनात ही दुसरी रीत असते. पोलादाचा भाव वाढला तर फोन करून सुधारित कोटेशन पाठवू, असे ते धरून चालतात. जर्मन खरेदी अधिकारी ‘आनगेबोट’ वाचून आकडा पक्का धरतो.

मग अनुवादकाने ‘फ्रायब्लाइबंड’ घालावा का? माझे मत ठाम आहे: विचारल्याशिवाय घालू नये. तो एक शब्द घातला तर मालकांना नको असलेली पळवाट त्यांच्या नावावर लागते, आणि जर्मन ग्राहकाला हा पुरवठादार डळमळीत वाटू शकतो. गाळला तर त्यांनी न केलेले वचन त्यांच्या गळ्यात पडते. दोन्ही निर्णय मालकांचे आहेत. अनुवादकाने फोन उचलून विचारावे, ‘साहेब, हा भाव किती दिवस धरायचा?’ उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते, ‘तीस दिवस लिहा’, आणि जर्मन पत्रात मुदत येते. जी गोष्ट मूळ पत्रात लिहायला हवी होती आणि राहून गेली, ती अनुवादाच्या निमित्ताने जागेवर आली. ‘बेस्ट’बद्दलही तेच. आपल्याकडे ‘बेस्ट रेट’ म्हणजे कधी ‘यापुढे घासाघीस नाही’, तर कधी नुसता शिष्टाचार. जर्मन वाचणारा त्याचा पहिला अर्थ घेण्याची शक्यता जास्त.

दुसरे वाक्य या पत्रातले सर्वांत सुंदर वाक्य आहे, असे म्हटले तर कुणी भुवया उंचावेल. ‘टेक्नो-कमर्शियली क्लिअर पीओ’ हा शब्दप्रयोग कुठल्याही इंग्रजी शब्दकोशात शोभणार नाही, पण त्यात कारखानदारीचे आयुष्यभराचे शहाणपण साठले आहे. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली म्हणजे काम सुरू झाले असे नसते. ड्रॉइंगवर एखादी टॉलरन्स राहिलेली असते, मटेरियलची ग्रेड ठरायची असते, आगाऊ रक्कम किती यावर दोन मेल अजून जायच्या असतात. हे सगळे मिटले की मगच घड्याळ सुरू करायचे, असे मालक सांगत आहेत. जर्मन यंत्रउद्योगात ही कल्पना मुळीच परकी नाही. तिथल्या यंत्रउत्पादकांची संघटना व्हीडीएमए. तिच्या पुरवठ्याच्या अटींतही पुरवठ्याची मुदत पाळण्यासाठी दोन्ही बाजूंमधले व्यापारी आणि तांत्रिक प्रश्न सुटलेले असावेत, हीच पूर्वअट आहे. म्हणजे भोसरीच्या मालकांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत जे लिहिले ते जर्मन इंजिनिअरच्या मनातले वाक्य आहे. अनुवादकाने इथे ‘क्लिअर ऑर्डर’ असा गुळगुळीत अनुवाद केला तर तो गुन्हा म्हणावा लागेल. ‘सर्व तांत्रिक व व्यापारी मुद्द्यांचा खुलासा झाल्यावर’ असे पूर्ण लिहायला हवे.

‘सहा ते आठ आठवडे’ वाचताना जर्मन माणूस मनात आठवड्याचे क्रमांक मोजतो. वर्षाचे आठवडे एकपासून मोजायचे आणि डिलिव्हरी तेविसाव्या आठवड्यात, अशी तिकडची बोलण्याची पद्धत आहे. चाकणच्या जर्मन कंपन्यांमुळे आता आपल्या वर्कशॉपमध्येही ‘सीडब्ल्यू तेवीस’, म्हणजे कॅलेंडरचा तेविसावा आठवडा, ऐकू येते. अनुवादकाने स्वतः क्रमांक काढून लिहू नये, कारण घड्याळ कधी सुरू होणार हेच अजून ठरलेले नाही.

मग येते ‘एफओआर चाकण’. हा भारतीय व्यापारातला जुना, चिवट शब्द. मूळ अर्थ ‘रेल्वेवर मोफत’. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘इन्कोटर्म्स’ या प्रमाण अटींमधून तो १९९० च्या आवृत्तीत गेला. आपल्याकडे मात्र तो टिकला, आणि टिकताना त्याचा अर्थ बदलला. ‘एफओआर चाकण’ म्हणजे चाकणच्या दारापर्यंतचे भाडे आमचे. त्यात रेल्वे कुठेच नाही, माल टेम्पोने जातो. जर्मनीत ही तीन अक्षरे तशीच ठेवली तर वाचणारा एकतर जुनी यादी उघडेल, नाहीतर गोंधळेल. ‘फ्राय हाउस’ किंवा ‘फ्राय वेर्क चाकण’ असे लिहिले की संपले. ‘फ्राय हाउस’ हा तिकडचा रोजचा शब्द, अर्थ तोच: घरपोच. आणि जाता जाता, ज्या टेम्पोतून हा माल जाणार तो शब्दही जर्मन आहे. हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड झोन कंपनीच्या तीनचाकी गाडीचे ते नाव. तिच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली आणि पुढे मराठीत कुठलीही मालवाहू छोटी गाडी टेम्पो झाली.

तिसऱ्या वाक्यात तीन प्रयोग जड आहेत. ‘प्रीपोन’ची थट्टा आपण फार केली. ‘पोस्टपोन’च्या उलट शब्दाची गरज आपल्या माणसांना भासली आणि त्यांनी तो घडवला; पुढे ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही तो घेतला. जर्मनमध्ये या कल्पनेसाठी शब्द आधीच तयार आहे, ‘फोरफरलेगन’, अलीकडे आणून ठेवणे. इंग्रजी संपादकाला ‘प्रीपोन’ खोडून तीन-चार शब्द लिहावे लागतात. जर्मन अनुवादकाला एक पुरतो.

‘द सेम’ मात्र खरोखर संदिग्ध आहे. लवकर काय करणार? डिलिव्हरी की पीओ? इंग्रजीतल्या ‘द सेम’ला लिंग नाही, म्हणून ते हा प्रश्न झाकून ठेवू शकते. जर्मनमध्ये डिलिव्हरी स्त्रीलिंगी, ऑर्डरला ‘आउफट्राग’ म्हटले तर ती पुल्लिंगी. सर्वनाम लिहिताच निवड उघडी पडते. आपल्या मराठीतही तीन लिंगे आहेत, आणि मालकांच्या मनातल्या मराठी वाक्यात ‘ती लवकर देता आली तर बघतो’ असेच असणार. मालक देतात ती डिलिव्हरी, पीओ नव्हे. इंग्रजीने पुसलेली खूण मराठीने जपली होती आणि जर्मन ती परत मागते.

राहिला ‘वुई विल ट्राय’. ‘बघतो’ या मराठी शब्दात किती छटा आहेत हे सांगायला नको. ‘बघतो’ म्हणजे होकारही असतो आणि हळुवार नकारही. जर्मन व्यापारी भाषेत ‘प्रयत्न करू’ला एक वाईट वास आहे. तिकडे नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रात ‘त्यांनी प्रयत्न केला’ असे लिहिले असेल, तर वाचणारा त्याचा अर्थ ‘जमले नाही’ असाच घेतो. म्हणून अनुवादकाने इथे शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. ‘शक्य झाल्यास आधी पुरवठा करू’ असे अटीचे वाक्य केले, की वचनही नाही आणि दुबळेपणाही नाही. मालकांच्या ‘बघतो’चा खरा अर्थ तोच होता.

आता चौथे वाक्य. या पत्राचा जीव इथे आहे. ‘इमिजिएटली ऑन रिसीट ऑफ पेमेंट ओन्ली.’ इंग्रजी वाचणारा बिचकतो. हे आश्वासन आहे की अट? पैसे मिळताच लगेच पाठवू, की पैसे मिळाल्याशिवाय पाठवणार नाही? मराठी माणूस क्षणभरही बिचकत नाही, कारण त्याला दोन ‘च’ ऐकू येतात. ‘मिळताच’ आणि ‘मिळाल्यावरच’. पहिला ‘च’ घाई सांगतो, दुसरा मर्यादा घालतो. मालकांनी पहिल्यासाठी ‘इमिजिएटली’ वापरला आणि दुसऱ्यासाठी ‘ओन्ली’. मराठीत ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो म्हणून तो इंग्रजीतही वाक्याच्या शेवटी गेला. त्यांना दोन्ही म्हणायचे आहे, आणि दोन्ही एकाच दमात. जर्मन भाषेकडे या दोन ‘च’साठी दोन वेगळे शब्द आहेत. मर्यादेसाठी ‘एर्स्ट’: पैसे जमा झाल्यावरच, त्याआधी नाही. घाईसाठी ‘झोफोर्ट’ किंवा ‘उनफरत्स्यूगलिश’. यांतही निवड करावी लागते. नागरी संहितेच्या कलम १२१ मध्ये ‘उनफरत्स्यूगलिश’ची व्याख्या आहे: स्वतःच्या दोषामुळे विलंब न करता. गाडी मिळाली नाही, सुट्टी आली, तर तेवढी सवलत त्या शब्दात बसते. ‘झोफोर्ट’मध्ये तेवढीही बसत नाही. वर्कशॉपच्या बाजूने विचार करणारा अनुवादक पहिला शब्द घेईल, आणि मालकांना सांगून घेईल. ‘पैसे जमा झाल्यावरच, मात्र जमा होताच विनाविलंब’ असे जर्मन वाक्य झाले, की इंग्रजीने मोडलेले वाक्य पुन्हा सांधले गेले. मूळ इंग्रजीपेक्षा हे जर्मन वाक्य मालकांच्या अधिक जवळचे आहे.

याच वाक्यातले दोन साधे दिसणारे शब्दही धोक्याचे आहेत. ‘मटेरियल’ म्हणजे आपल्याकडे कुठलाही माल, तयार झालेला, रंगवलेला, पॅक केलेलासुद्धा. ‘मटेरियल निघालं का?’ असे आपण विचारतो. जर्मन माणसाला ‘माटेरिआल’ ऐकून पोलादाच्या सळ्या आठवतील. तिथे ‘वारं’ म्हणजे माल, किंवा ‘लीफरुंग’ म्हणजे पुरवठा, असे लिहायला हवे. आणि ‘बॅलन्स’ म्हणजे राहिलेला. पण कुठल्या ऑर्डरमधला? कोटेशन नवीन आहे, तेव्हा हा राहिलेला माल आधीच्या ऑर्डरचा असणार, आणि पेमेंटही बहुधा त्या जुन्या बिलाचे. पत्रात यांतले काही नाही. चाकणच्या स्टोअर विभागाला हे ठाऊक असते, जर्मनीतल्या कचेरीला नाही. जुन्या पीओचा क्रमांक विचारून लिहिला नाही तर जर्मन वाचणारा समजेल की नव्या फिक्श्चरसाठी संपूर्ण रक्कम आधी मागितली आहे. एका गाळलेल्या क्रमांकामुळे ऑर्डर जाऊ शकते.

पाचवे वाक्य, ‘डू द नीडफुल’, जगभर हसण्यावारी नेले जाते. एके काळी खुद्द इंग्लंडच्या कचेऱ्यांतही ते चाले. तिकडे मागे पडले, इथे राहिले. इथे राहण्याचे एक कारण असे की आपल्या कचेरीच्या मराठीत त्याला जागा तयार होती: ‘योग्य ती कार्यवाही व्हावी.’ जर्मन कचेऱ्यांत आजही फाइलवर ‘पुढील व्यवस्थेच्या विनंतीसह’ अशा अर्थाचा शेरा असतो, ‘मिट डेअर बिटं उम वाइटरं फरआनलासुंग’. म्हणजे तीन भाषांतली कचेरी या एका वाक्यात एकमेकींना ओळखते. ‘रिव्हर्ट बॅक’सुद्धा तसेच: जर्मन ‘र्‍यूकमेल्डुंग’मध्ये ‘र्‍यूक’ म्हणजे परत, ‘मेल्डुंग’ म्हणजे कळवणे. अनुवादकाला इथे आयते जोड मिळतात आणि मोह होतो की ते बसवून टाकावेत.

तो मोह आवरावा. सरकारी शेऱ्यात ‘योग्य ती कार्यवाही’ चालते, कारण कुणी काय करायचे ते नियमाने ठरलेले असते. व्यापारी पत्रात तसे नसते. इथे ‘नीडफुल’ म्हणजे काय? नवी पीओ काढणे, जुने पेमेंट सोडणे, की ड्रॉइंग मंजूर करून पाठवणे? कदाचित तिन्ही. मालकांना विचारले तर ते सांगतील, ‘पेमेंट तेवढं बघा म्हणावं, संकोच वाटतो सरळ लिहायला.’ हा संकोच मला या पत्रातला सर्वांत मानवी धागा वाटतो. वर्षानुवर्षे ज्याच्याकडे माल दिला त्याच्याकडे उघड पैसे मागायचे नाहीत, म्हणून ‘नीडफुल’चा पडदा. जर्मन रीतीत स्पष्ट मागण्यात उद्धटपणा नाही. बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून सभ्यपणे मागावी. अनुवादकाने मालकांना हे समजावले आणि त्यांनी होकार दिला, तर ‘नीडफुल’च्या जागी बिलाचा क्रमांक येतो. रक्कम लिहिताना एक काळजी हवी. आपला १,२५,००० तिकडे १२५.००० होतो, आणि आपल्या १,२५० किलोतला स्वल्पविराम तसाच राहिला तर जर्मन डोळ्यांना ते सव्वा किलो दिसते.

शेवटचे वाक्य, ‘अशुअरिंग यू’, हे आपल्या पत्रांचे भरतवाक्य. त्याचा शब्दशः अनुवाद करू नये. ‘अशुअर’ला सर्वांत जवळचा जर्मन शब्द ‘त्सूझिशर्न’, आणि त्याला कायद्याचा इतिहास आहे. १ जानेवारी २००२ च्या सुधारणेपूर्वी विक्रीच्या व्यवहारात ‘त्सूझिशर्न’ केलेला गुण मालात नसेल तर विक्रेत्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येत असे. कायदा बदलला, पण जुन्या खरेदी अधिकाऱ्याचे कान बदललेले नसतात. ‘चांगल्या सहकार्याची वाट पाहतो’ हे जर्मन पत्रांचे नेहमीचे समारोपाचे वाक्य घ्यावे, आणि खाली ‘मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन’. मालकांची भावना पोचली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. मूळ सदोष असेल तर अनुवादही सदोष असायला नको का? दुरुस्ती करणारा अनुवादक आपली मर्यादा ओलांडतो, असे काही जण मानतात. न्यायालयात द्यायच्या प्रमाणित अनुवादापुरते ते बरोबर आहे; तिथे मूळची चूक तशीच दाखवावी आणि टिपेत नोंदवावी. व्यापारी पत्र मात्र काम करून घेण्यासाठी असते. जर्मन नागरी संहितेचे कलम १३३ स्वतःच सांगते की एखाद्याचे म्हणणे समजून घेताना त्याचा खरा हेतू शोधावा, शब्दांना चिकटू नये. अनुवादकाने हेच करावे, पण एका अटीवर: प्रत्येक दुरुस्ती लिहिणाऱ्याला माहीत असावी. गुपचूप केलेली दुरुस्ती मला गुपचूप केलेल्या चुकीइतकीच वाईट वाटते. २०१५ च्या आयएसओ १७१०० या अनुवादसेवेच्या मानकात दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि अनुवाद ताडून पाहणे सक्तीचे आहे. ती दुसरी व्यक्ती ‘ओन्ली’ कुठे गेला असे विचारेल, तेव्हा उत्तर लेखी तयार हवे.

यंत्र इथे कमी पडते ते नेमके लिहिणाऱ्याला विचारत नाही म्हणून. कोलोनची डीपएल ही सेवा २०१७ मध्ये आली आणि तेव्हापासून इंग्रजी-जर्मन यंत्रानुवाद फार सुधारला. पण जर्मन वाक्य जितके सफाईदार, तितके मूळ वाक्यातले भोक झाकले जाते. ‘द सेम’ म्हणजे काय हे यंत्र भोसरीला फोन करून विचारत नाही. ते एक अर्थ धरते आणि पुढे जाते. वाचणाऱ्याला संशयही येत नाही. मोडके इंग्रजी निदान वाचणाऱ्याला सावध तरी करते.

या कामाचा मोबदला ठरवण्याच्या पद्धतीत हे कष्ट दिसत नाहीत. आपल्याकडे बहुधा शब्दांवर पैसे मिळतात. जर्मनीत ५५ ठोक्यांच्या प्रमाण ओळीवर. सहा वाक्यांच्या पत्राचे किती शब्द आणि किती ओळी होणार? त्यात तीन फोन, एका जुन्या पीओचा शोध आणि ‘फ्रायब्लाइबंड’वरचा अर्धा तास कुठेच मोजला जात नाही. पुण्याचा जर्मनीशी उद्योगव्यवहार जुना आहे: केएसबी या जर्मन कंपनीचा पंपांचा कारखाना १९६० च्या सुमारास पिंपरीत उभा राहिला, भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस विकत घेतली, फोक्सवागनचा चाकणचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. या सगळ्या इतिहासात अशी कित्येक सहा-सहा वाक्यांची पत्रे आहेत, आणि त्यांतली चांगली पत्रे चांगली आहेत हे त्यांच्या दोन टोकांच्या माणसांशिवाय कुणालाच कळलेले नाही.

म्हणून वर्कशॉप चालवणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. जर्मनीला जाणारे पत्र पुण्यातल्या मराठी अनुवादकाकडे द्यायचे असेल, तर ते आधी इंग्रजीत बसवण्याचे कष्ट घेऊ नका. तुम्ही फोनवर जसे बोलता तसे मराठीत लिहून द्या. भाव किती दिवसांचा, राहिलेला माल कुठल्या पीओचा, पेमेंट कुठल्या बिलाचे, हे तीन आकडे खाली जोडा. बाकीचे काम अनुवादकाचे आहे, आणि ते त्याला येते.